शनिवारची चूल

"हे कुणासाठी?"

कुठलाही नवा नियम किंवा फतवा समोर आला की मास्तर चष्मा कपाळावर चढवायचे, समोरच्याकडे जरासं वाकून बघायचे आणि हा प्रश्न विचारायचे. आवाज चढवायचे नाहीत. भांडण उकरून काढायचा हेतूही नसे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. तुमच्यापैकी कुणी कधी हेडमास्तर असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, खरोखर जाणून घ्यायला निघालेल्या माणसाइतका तापदायक माणूस शाळेत दुसरा नसतो.

गोष्ट साठ-सत्तरच्या मधल्या वर्षांतली. मी बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवायला नव्याने लागलो होतो. एकदा हेडमास्तरांनी नियम काढला की उशिरा येणाऱ्या मुलांना तासभर फाटकाबाहेर उभं करायचं.

"हे कुणासाठी?" मास्तरांनी विचारलं.

"शिस्तीसाठी."

"म्हणजे नवापूरच्या पोरांसाठी. दुसरं कोण उशिरा येतं? होड्या लागल्या की मासळीच्या पाट्या उतरवून मग चालत येतात ती. भरती काय आपल्या घंटेवर येते, सर?"

"मग भरतीचं वेळापत्रक लावा शाळेत!" हेडमास्तर वैतागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात त्या आठवड्यातल्या भरतीच्या वेळा लिहिलेल्या होत्या. नियम आपोआप विसरला गेला. पुढे तर मासळी घ्यायला कधी जावं हे ठरवायला हेडमास्तर स्वतःच त्या फळ्यापाशी उभे राहायला लागले.

मास्तर मराठी आणि इतिहास शिकवायचे. धर्माने ज्यू. आता आमच्याकडे ज्यू म्हणजे कोण हे सांगत बसलं असतं तर दिवस गेला असता. पण 'शनिवार तेली' म्हटलं की म्हातारी माणसं लगेच मान डोलवायची. त्यांच्या आजोबांनी अलिबागेकडून तेलाचा घाणा आणून इथे मांडला होता. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा. पुढे गिरणीचं तेल आलं, घाणा मोडला, बैल विकला गेला, पण शनिवार तेवढा घरात राहिला. मास्तर शनिवारची सकाळची शाळा घेत नसत. त्याऐवजी रविवारी कच्च्या मुलांना अंगणात बसवून शिकवत. ही अदलाबदल मुलांना मुळीच पसंत नव्हती.

मी त्यांच्याच घराची एक बाजू भाड्याने घेतली होती. मध्ये कुडाची भिंत. अशा भिंतीला कान लावावा लागत नाही, सगळं आपसूक ऐकू येतं. त्यात मी जात्याच चौकस, म्हणजे आमच्या आईच्या भाषेत नसत्या चौकशा करणारा. पहिल्याच महिन्यात मी त्यांना विचारलं, "मास्तर, तुमच्यात देवाचा फोटो नसतो?"

"नसतो."

"मग डोळ्यांपुढे काय आणता?"

"तेच तर अवघड आहे, सायन्सवाले," मास्तर म्हणाले. "धूळ झटकायचं काम मात्र वाचतं."

ते मला कायम सायन्सवाले म्हणायचे.

घरात मास्तर आणि त्यांची आई. मास्तरांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. आई ऐंशीच्या घरातल्या, बारीक चणीच्या, नऊवारी नेसणाऱ्या. शुक्रवारी सूर्य कलला की त्या डोक्यावरून पदर घेऊन तेलाचा दिवा लावायच्या, मनुका भिजवून केलेलं सरबत वाट्यांत ओतायच्या आणि त्यातली एक वाटी कुडावर टकटक करून मला द्यायच्या. तिथपासून शनिवारी संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत घरात कुणी काम करायचं नाही आणि विस्तव तर पेटवायचाच नाही.

पण शनिवारी पहाटे मला भिंतीपलीकडून चूल पेटल्याचा वास यायचा. चहाची कपबशी वाजायची.

ती लखमी. सालवडच्या पलीकडच्या पाड्यावरची वारलीण. डोंगराच्या अंगाला पावसावरचा भाताचा तुकडा, नवरा वारलेला, एक मुलगा. पन्नाशीतल्या आईंच्या हाताखाली ती पोरसवदा असताना आली, तेव्हापासून रोज येत होती. शनिवारची चूल तीच पेटवायची. आता गंमत बघा. शास्त्राप्रमाणे तिला 'पेटव' असं सांगणंही बरोबर नव्हतं. म्हणून आई सांगायच्याच नाहीत. त्या नुसत्या छपराकडे बघून म्हणायच्या, "आज गारठा पडलाय बाय." लखमी काडी ओढायची. "डोळ्यांना कमी दिसतं हल्ली," असं म्हटलं की दिवा लागायचा. एकदा आई उगाचच म्हणाल्या, "नारळ मोठा आहे हो यंदाचा," तर लखमीने चटणी वाटून ठेवली. सगळा कारभार असा हवेशी बोलून चालायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर त्याचं कौतुकच वाटायचं.

चाळिशी उलटल्यावर मास्तरांनी विद्यापीठात नाव घातलं. समाजशास्त्राचं एम. ए., बाहेरून. प्रबंधाचा विषय, आपल्याच लोकांच्या चालीरीती आणि त्यांतला न्याय. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत ते मुंबईला ग्रंथालयात जाऊन बसत आणि महिन्यातून एकदा मार्गदर्शक सरांना भेटून येत. पोरसवदा विद्यार्थी त्यांना कुणाचे तरी वडील समजून जागा द्यायचे. घरी आले की अंगणातल्या बाजेवर बसून मला सगळं सांगायचे. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, ते गरिबाला ठेवायचे. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची. परक्याला छळायचं नाही, कारण आपणही कधीतरी परके होतो. हे सांगताना त्यांचा चेहरा पहिलीतल्या मुलाला पाटी मिळाल्यावर होतो तसा व्हायचा.

"हे सगळं आमच्या घरात होतं, सायन्सवाले. मी नुसताच पाळत आलो. कधी विचारलंच नाही."

पहिलं प्रकरण त्यांनी शनिवारवर लिहिलं. समुद्राकाठी येऊन पडलेल्या मूठभर लोकांनी इतकी शतकं एक दिवस कसा जपला, याचं. मोठ्या उमेदीने सरांना वाचून दाखवायला गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "छान आहे. पण शनिवारी तुमच्या घरची चूल कोण पेटवतं?"

"लखमी," मास्तरांनी तितक्याच सहज सांगितलं.

त्या दिवशी गाडीतून उतरले ते माझ्याशीही बोलले नाहीत. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले, चष्मा कपाळावर होता, पण समोर कुणी नव्हतं.

"शास्त्रातल्या शनिवारच्या आज्ञेत कुणाकुणाला विसावा द्यायला सांगितलाय, माहीत आहे?" मी बाहेर येताच ते मला म्हणाले. "तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा गडी, तुझी मोलकरीण, तुझ्या दारातला परका. बैलसुद्धा आहे हो. आमच्या आजोबांनी बैल सोडला. आणि आम्ही सगळे लखमीच्या हातचा चहा पीत बसलो. बैलाला जो शनिवार मिळाला तो तिला मिळाला नाही."

मी म्हटलं, "मग तिलाही सुटी द्या. पगार तोच ठेवा. झालं."

मलाही ते इतकं सोपं वाटलं होतं.

शुक्रवारी मास्तरांनी लखमीला समोर बसवून सांगितलं, "लखमे, उद्यापासून शनिवारी यायचं नाही. पैसे तेवढेच मिळतील. तू बस घरी." लखमीने घडा खाली ठेवला. "बरं," म्हणाली आणि गेली. शनिवारी आली नाही, ते ठरलंच होतं. रविवारीही आली नाही. सोमवारीही नाही. त्या शनिवारी आई छपराकडे बघून गारठ्याबद्दल बोलत राहिल्या, पण ऐकायला कुणी नव्हतं. थंड भाकरी आणि थंड चहा घेऊन त्या मुलाकडे असं काही बघायच्या की मास्तर पुस्तकाआड तोंड लपवायचे.

आठवडाभराने दूधवाल्याकडून कळलं. तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम चाललं होतं तेव्हा. ठेकेदाराचे ट्रक पहाटे सालवड, कुंभवली अशा गावांतून बायाबापड्यांना गोळा करत आणि अंधार पडता पडता आणून टाकत. लखमी त्या ट्रकवर खडी वाहायला जात होती. रोज, शनिवारीसुद्धा.

मास्तर हबकले. करायला गेले विसावा आणि झाली खडी. रविवारी पोरांचा वर्ग सोडून ते पाड्याकडे निघाले. मीही बरोबर निघालो, अर्थातच चौकशीला.

लखमी झोपडीच्या दारात बसली होती. उजव्या पायाच्या चवड्याला फडकं गुंडाळलेलं, त्यातून काळं रक्त दिसत होतं. खडीची पाटी निसटून पडली होती. मास्तर त्या पायाकडेच बघत उभे राहिले.

"लखमे, हे काय केलंस? मी तुला विसावा दिला होता."

"विसावा?" लखमी म्हणाली. "कामावरनं काडलं बोला ना."

"काढलं नाही गं. पगार देणार होतो."

"काम नाय नि पगार? कोण देतो असा? अख्खा पाडा इचारतो मना, तू त्यांचं काय चोरलं? चोरलं असंल, मोठी माणसं हायत, पैसा देऊन गप काडली." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "बाकीचे दिस भांडी कुनी बी घासंल. शनवारची चूल माज्या हातची होती. तुमच्या आईचा हात नाय लागं, तुमचा नाय लागं, माजाच लागं. मी पाड्यात सांगं सगल्यांना. तोच दिस तुमी काडला."

खरं सांगतो, मला तोंड कुठे लपवावं कळेना. आम्हाला जे ओझं वाटलं होतं तो तिचा मान होता, आणि तो आम्ही तिला न विचारता काढून घेतला होता. पण मास्तर हटणारे नव्हते. ते तिच्या समोर जमिनीवर बसले आणि समजावू लागले. देवाने सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी थांबला.

"तुमचा देव, तुमचा शनवार. माजा काय संबंद?"

"संबंध आहे. आमच्या शास्त्रात तुझा उल्लेख आहे."

लखमी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघायला लागली. "माजा? लखमी असा?"

मास्तर खोटं बोलू शकत नसत. "नाव नाही. मोलकरीण असं आहे."

"मंग ती दुसरी असंल," लखमी म्हणाली आणि पाय आत ओढून घेतला.

परतताना मास्तरांचे डोळे भरून आले होते. ते त्यांनी लपवलंही नाही. "माझ्या प्रबंधाने तिचा पाय ठेचला," एवढंच म्हणाले. मी काहीतरी समजुतीचं बोललो, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी सगळं आईंना सांगितलं. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या घरच्या बाईला तू मला न विचारता सुटी दिलीस, तिलाही न विचारता दिलीस. एवढा शिकलास तो कुणाच्या अंगणात?"

शुक्रवारी दुपारी त्यांनी शेजारची बैलगाडी सांगितली. उन्हं उतरायच्या आत परत यायचं असं गाडीवानाला बजावलं आणि ठेवणीतलं लुगडं नेसून, मास्तरांना मागे बसवून पाड्यावर गेल्या. मी शाळेतून सुटताच तिथे पोचलो. पाड्यातल्या बाया, म्हातारे, पोरं सगळे गाडीभोवती जमले होते. आई खाली उतरल्या नाहीत. गाडीतूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लखमे, उद्या जेवायला ये. कामाला नाही बोलवत. पाहुणी म्हणून ये. तीस वर्षं माझी चूल सांभाळलीस, एकदा माझ्या पाटावर बस."

लखमी लंगडत पुढे आली, चाकाला हात लावून उभी राहिली.

"चूल कोन पेटवंल?"

"कुणी नाही."

"तुमच्या च्याचं काय?"

आई विचारात पडल्या. चहा हा त्यांचा एकच कच्चा दुवा होता.

"आजच पेटवते," लखमी म्हणाली. "निखाऱ्यावर तूस दाबते. सकालपर्यंत धगंल. कुनी हात लावायला नको." आणि कुणी बोलवायची वाट न बघता गाडीत चढून बसली.

अशी ती शुक्रवारची चूल सुरू झाली. दिवेलागणीच्या आत लखमी निखाऱ्यांवर भाताचं तूस रचायची, वर चहाचं पातेलं झाकून ठेवायची आणि मास्तरांना दम द्यायची, "पुस्तक घेऊन हिकडं यायचं नाय." पहिल्या खेपेला तूस जास्त दाबलं गेलं, सकाळी चहा कोमट निघाला. आईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "शास्त्र पाळायचं म्हणजे असं." पुढच्या खेपेपासून मात्र वाफाळता निघायला लागला.

त्या पहिल्या शनिवारचं जेवण मी विसरू शकत नाही. लखमी धुवट लुगडं नेसून आली. पाटावर बसली, पण तिला बसता येईना. कुणाचं ताट रिकामं झालं की ती उठायची. पाण्याचा तांब्या कलंडला तर फडकं शोधायला धावली. शेवटी आईंनी तिचं मनगट धरून ठेवलं.

"बसून काय करू?" लखमी काकुळतीला आली.

"काही नाही करायचं."

"काय नाय कसं करतात?"

मास्तरांनी मान वर केली. शिक्षकाला असा प्रश्न वर्षातून एखाद्या वेळी येतो. मग आम्ही चौघं पडवीत जाऊन बसलो आणि रस्त्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने लखमी म्हणाली, "तो कावला बगा, घरटं भलत्याच झाडावर बांदतोय." आईंना तो कावळा दिसत नव्हता, म्हणून ती त्यांना सगळं वर्णन करून सांगू लागली. दुपार तशीच गेली. आजूबाजूच्यांनी नाकं मुरडली, वारलीण पाटावर बसवली म्हणून. मास्तरांनी एकालाही उत्तर दिलं नाही. लखमी पुढच्या शनिवारी आली, त्याच्या पुढच्याही आली.

प्रबंधाला दुसरा वर्ग मिळाला. "चुलीबद्दल फार आहे आणि ग्रंथांबद्दल कमी, असं म्हणाले परीक्षक," मास्तर हसत सांगायचे. त्यांना वाईट वाटलं होतं. मला दिसत होतं.

पुढे आई गेल्या. त्यांचं सगळं लखमीने आणि मास्तरांनी मिळून केलं. मग घर मास्तरांना खायला उठायला लागलं. नात्यातले लोक एकेक करून बोटीने, विमानाने इस्रायलला जात होते. त्यांच्या बहिणीचं बिऱ्हाडही गेलं होतं, तिने बोलावणं धाडलं. माझं तेव्हा लग्न झालेलं. आम्ही दोघांनी त्यांना परोपरीने सांगितलं, इथेच राहा.

"बघून तर येऊ," मास्तर म्हणाले. "तिकडे आपल्या लोकांकडे म्हणे लग्नाच्या वेळी मागतात, तुम्ही खरे ज्यू कशावरून, याचे पुरावे. विचारायला हवं ना कुणीतरी, हे कुणासाठी म्हणून." मी हसलो, पण मला त्या परक्या देशातल्या हेडमास्तरांची काळजी वाटली, आणि त्याहून जास्त मास्तरांची.

घर विकून ते गेले. स्टेशनावर लखमी आली होती. दोघांत काय बोलणं झालं ते, मी गाडीचा डबा शोधत असल्यामुळे, माझं ऐकायचं हुकलं. आयुष्यात न ऐकलेल्या गोष्टींपैकी तेवढी एक मला अजून लागून राहिली आहे.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे मुलगी झाली. बायको बाळंतपणाहून परतली, अंगात ताकद नाही, पोर रात्रभर रडणारी, आणि मला साधा भात लावता येत नव्हता. मदतीला बाई हवी होती. लखमीची आठवण झाली. शनिवारी शाळा सकाळची असल्याने दुपारी मोकळा होतो, तसाच सायकल काढून पाड्यावर गेलो.

पाडा सुना होता. सगळे ट्रकवर गेले होते, लखमीची सूनही. लखमी एकटी झाडाखाली, पाय पसरून बसली होती. हातात काही नव्हतं. शेजारी निवडायचे तांदूळ नव्हते की वळायची दोरी नव्हती.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"बरी हाय की."

"मग कामाला नाही गेलीस?"

"आज शनवार."

मला वाटलं तिला कुणी सांगितलंच नसेल. "अगं, पण मास्तर तर गेले."

"मास्तर गेले," लखमी म्हणाली. "शनवार कुटं गेला? तो हाय ना हितंच." मग आपले दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले. "सून बोलते, म्हातारीला खूळ लागलं, येक दिसाची मजुरी बुडवते. बोलू दे. बाकीचे दिस ह्ये हात लोकांचे. आज माजे."

मी तिच्याशेजारी टेकलो. वाऱ्याने पानं हलत होती, दूर कुठेतरी कोंबडं आरवत होतं. मी आल्याचं कारण तिने विचारलं. मी सांगितलं, मुलगी झाली. तिला फार आनंद झाला. तोंडभर हसली. नाव काय, रंग कोणाचा, जावळ किती, सगळं विचारलं. कामाचं मी काढलंच नाही. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण मी उठल्यावर ती म्हणाली, "उद्या येते. सकालीच येते. च्या नका करू, मी करंन."

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पोर रडत होती. बायकोने आशेने विचारलं, "आली का बाई?"

"उद्या येणार आहे," मी म्हटलं आणि चुलीपुढे उकिडवा बसलो. काड्या बऱ्याच वाया गेल्या. धुराने डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण शेवटी पेटली.